ज्यूरीतून माझी सुटका

"डॉक्टर आहेस?" नाना टिपणिसांनी विचारलं.

"नाही."

"देवळाचा पुजारी?"

"नाना, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता."

"ओळखतो म्हणूनच विचारतोय. सरकारी नोकर नाहीस. साठीही उलटलेली नाही. मग कशाच्या जोरावर सूट मागतोस?"

नानांनी कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावरही कोर्टाचा कायदा त्यांच्या जिभेवरून उतरला नव्हता. रोज सकाळी ते माझ्या छापखान्यात येऊन बसत, आणि ट्रेडल छपाईयंत्राचा खडखडाट चालू असताना त्याच्यावर आवाज चढवून बोलत. त्या दिवशी बेलिफ माझ्या हातात समन्स ठेवून गेला होता. सेशन कोर्टात ज्यूरीसाठी हजर व्हायचं.

ही गोष्ट ठाण्यातली, मुंबई राज्य होतं तेव्हाची. त्या वेळी मोठ्या खटल्यांत निकाल एकटा जज्ज देत नसे. गावातले चार शिकलेसवरलेले, घरदुकान असलेले लोक बोलावून त्यांची ज्यूरी बसवत. आरोपी दोषी की निर्दोष, हे ती ज्यूरी सांगे. आता कोणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

"नाना, लग्नसराई आहे," मी म्हणालो. "टेबलावर पत्रिकांचा ढीग बघा. मी कोर्टात बसलो तर लोकांची लग्नं पत्रिकेवाचून लागतील."

"लागू देत की. पत्रिका नसली म्हणून कोणी बोहल्यावरून उठत नाही. धंद्याचं कारण जज्ज ऐकत नाहीत. घरात कोणी मरणपंथाला लागलं असेल तर सांग. तू स्वतः अंथरुणाला खिळला असशील तर डॉक्टरचा कागद आण. नाहीतर मग..." नाना मिश्किल हसले आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडले, "बहिरा असलास तर सुटशील!"

ट्रेडलवरचा अंबाजी हसला. अक्षरांचे खिळे जुळवणारे दोघं हसले. मीही हसलो.

खरी गोष्ट अशी होती की मी बहिरा होतो. ठार बहिरा नव्हे. उजव्या कानानं बरं ऐकू येई, डाव्यानं जवळजवळ नाही. विषमज्वरातून उठलो तेव्हापासून हे सुरू झालं आणि हळूहळू वाढत गेलं. माझ्या नशिबानं माझा धंदा छापखान्याचा. तिथे सगळेच ओरडून बोलतात, सगळेच दोनदा विचारतात. कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. बाहेर गेलो की मी माणसांच्या ओठांकडे बघत असे. भिंतीला डावा कान करून बसत असे. चार जण हसले की हसत असे. काही कळलं नाही की विचारत असे, "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न फार उपयोगी असतो. माणूस खूश होऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगतो.

लपवायचं कारण माझे काका. त्यांना म्हातारपणी ऐकू येईनासं झालं होतं. आळीतली माणसं त्यांच्यासमोर उभी राहून आवाज न करता नुसते ओठ हलवायची. काका कानाला हात लावून पुढे वाकायचे, "काय? काय म्हणालात?" आणि लोक पोट धरून हसायचे. त्या लोकांत चांगली माणसंही होती, हे मला जास्त लागलं होतं. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ठरल्या दिवशी कोर्टात गेलो. बाकांवर पुष्कळ मंडळी बसली होती. जज्जसाहेब गोऱ्या वर्णाचे, किरकोळ अंगाचे, चष्म्यावरून बघणारे. नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून एकेक काढली जात होती. ज्याचं नाव निघे तो पुढे जाई, आणि साहेब विचारत, "काही हरकत? काही अडचण?"

कोपिनेश्वराजवळच्या एका लहान देवळाचे पुजारी होते, त्यांना लगेच सोडलं. मग एक वैद्य उठले. सरकारी वकिलांनी विचारलं, "हे डॉक्टर की काढेवाले?" वैद्य रागानं लाल झाले. म्हणाले, "माझ्या काढ्यानं तुमच्या सासऱ्यांचा दमा गेला, विचारा त्यांना." कोर्ट हसलं. साहेबांनीही हसू दाबत त्यांना सोडलं. मग एक धान्याचे व्यापारी, शहाशेठ, हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्यात मुंगी मारत नाहीत. माणसाला शिक्षा देण्याचं पाप माझ्या माथी नको."

साहेब म्हणाले, "शेठ, शिक्षा मी देणार. पाप माझ्या माथी. तुम्ही फक्त खरं काय झालं ते सांगायचं." शहाशेठ बसले.

मग माझं नाव निघालं. भालचंद्र दोंदे.

"काही अडचण?"

साहेबांच्या समोरच उभा होतो, त्यामुळे ओठ स्वच्छ दिसत होते. प्रश्न मला कळला. उत्तरही ठाऊक होतं. चार शब्दांचं काम. पण बाकांवर आमच्या आळीतले निम्मे लोक बसलेले. माझ्या जिभेवर भलतंच आलं.

"साहेब, माझा छापखाना आहे. लग्नपत्रिकांची घाई आहे."

"तारखा ठरलेल्या आहेत ना?"

"हो."

"मग लग्नं लागतील. बसा."

पुन्हा हशा. मी जाऊन बसलो. पाच जणांची ज्यूरी झाली. माझ्या शेजारी शहाशेठ, तेही नेमके डाव्या बाजूला.

आरोपी होता हासूराम भोईर, भाईंदरच्या बाजूच्या मिठागरावरचा मजूर. तिशीचा असेल. उन्हानं आणि मिठानं कातडी राठ झालेली. मिठागराच्या मुकादमाच्या डोक्यात त्यानं फावडं घातलं, असा आरोप होता. मुकादम जगला होता, पण महिनाभर इस्पितळात पडून होता. खुनाचा प्रयत्न म्हणून खटला होता. मुकादमानं साक्ष दिली. त्याचा आवाज खणखणीत, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. तो म्हणाला, मी वाकून मिठाची रास बघत होतो, यानं मागून घाव घातला.

आरोपीच्या वकिलाचं म्हणणं वेगळं होतं. आधी मुकादमानं काठीनं मारलं, हासूराम खाली पडला, आणि जीव वाचवायला त्यानं हाताला आलं ते फावडं फिरवलं. खरं कोणाचं, हे बघणारं माणूस एकच होतं. पोशीबाय नावाची एक म्हातारी. ती मिठागरावर टोपल्या वाहत असे.

म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली. लहानखुरी, काळीसावळी, डोक्यावरून पदर. तिनं कोर्ट कधी पाहिलं नसावं. साहेब मोठे म्हणून ती साहेबांकडेच तोंड करून बोलत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. आवाज इतका बारीक, की जणू शेजारणीच्या कानात सांगतेय. त्यात तिचं उत्तर संपलं की साहेब ते इंग्रजीत हळूच लिहवून घेत, आणि कारकुनाचा टाइपरायटर खडखडायला लागे.

वकिलांचा आवाज मोठा. प्रश्न मला सगळे ऐकू आले.

"आधी काय झालं, ते सांगा. कोणी कोणाला मारलं?"

म्हातारी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं ते एवढंच, "...मारला."

कोणी कोणाला? त्यानं मारलं, की त्याला मारलं? एका अक्षराचा फरक. मी पुढे सरकलो, उजवा कान वळवला. तोवर टाइपरायटर सुरू झाला होता. मी आरोपीकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. माणूस सुटकेनंही डोळे मिटतो आणि घाबरूनही मिटतो.

मधल्या सुट्टीत चहा घेताना मी शहाशेठना माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "म्हातारीच्या साक्षीचं तुम्हाला काय वाटतं?"

शहाशेठनी बशीत फुंकर घातली आणि म्हणाले, "स्वच्छच आहे की सगळं."

बास. पुढे एक शब्द नाही. मीही मान हलवली. "हो, स्वच्छच आहे."

दुपारभर आणखी साक्षी झाल्या. डॉक्टर, पोलीस. त्यातलं निम्मं मला कळलं. संध्याकाळी साहेबांनी आम्हाला बजावलं, की घरी जाऊन खटल्याविषयी कोणाशी बोलायचं नाही. उद्या वकिलांची भाषणं होतील आणि मग तुम्ही मत द्यायचं. मला हायसं वाटलं. बोलायचंच नव्हतं.

घरी आलो, हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. कुमुदनं ताट वाढलं. आमच्या लग्नाला तेव्हा चौथं वर्ष होतं. कुमुद पेणची. बोलायला मोकळी, पण कोणाच्या वाटेला न जाणारी. मी जेवत होतो, डोक्यात म्हातारीचं ते अर्धं वाक्य फिरत होतं. त्यातली रिकामी जागा मी आपोआप भरून टाकली होती. त्यानं मारलं. मुकादमाचं बोलणं स्पष्ट ऐकू आलेलं, त्याला ते जुळत होतं. म्हणजे तेच असणार.

कुमुद पाठीमागून फिरून माझ्या समोर येऊन बसली. हातात आमटीचं भांडं.

"अहो," ती म्हणाली, "मी मघापासून तुमच्या पाठीशी उभी राहून तीनदा विचारलं."

"काय?"

"पहिल्यांदा विचारलं, आमटी वाढू का. मग विचारलं, भात गरम आहे तो घेता का. मग म्हटलं, घराला आग लागली आहे."

मी घास हातात धरून बसलो.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"लक्ष नव्हतं असं नाही." ती मोठ्यानं नाही, पण सावकाश बोलत होती, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता. तेव्हा लक्षात आलं, ही माझ्याशी नेहमीच असं बोलते. समोर येऊन, उजेडात तोंड ठेवून, उजव्या अंगाला बसून. "तुम्हाला ऐकू येत नाही. मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या पंगतीपासून. मी घास देताना नाव घेतलं. सगळ्या बायका खो खो हसल्या. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि मग हसलात. तेव्हा वाटलं, लाजताय. नंतर हळूहळू कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं लपवत होतात. मी उघडं पाडून काय करू? माझं काही अडत नव्हतं. फिरून समोर यायचं, एवढंच तर करायचं."

"मग आज का बोलतेस?"

तिनं भांडं खाली ठेवलं. "आजपर्यंत ते तुमच्यामाझ्यात होतं. आज त्यात तिसरा माणूस आला. मला खटल्याचं काही सांगू नका, विचारतही नाही. एवढंच सांगा, आज कोर्टात तुम्हाला सगळं ऐकू आलं?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"नाही ना?"

"बाकी चौघांनी ऐकलंय," मी म्हणालो. "ते म्हणतील तसं मी म्हणेन."

"आणि त्यांच्यातले दोघं एकीकडे, दोघं एकीकडे झाले तर?"

याचा विचार मी केला नव्हता. खरं सांगायचं तर केला होता, आणि बाजूला सारला होता.

"कुमुद, सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं? काकांचं काय झालं ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे. तुमच्या आईंनी सांगितलंय. काकांना बायको नव्हती. असती, तर आळीतल्या एकेकाला तिनं सरळ केलं असतं."

मला हसू आलं. तिलाही आलं. ताटातला भात गार होऊन गेला होता. मग मी विचारलं, "काय नाव घेतलं होतंस तेव्हा?"

ती लाजली. चार वर्षांनी लाजली. मग माझ्या उजव्या कानापाशी आली आणि म्हणाली,

"खिळ्याला खिळा जुळला, उमटली अक्षरं छान, भालचंद्ररावांचं नाव घेते, ऐका देऊन कान."

सकाळी कुमुद माझ्याबरोबर कोर्टात आली. मी नको म्हटलं नाही. ती बायकांच्या बाकावर बसली. साहेब आले, सगळे उठले, बसले. मी बसलो नाही.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मला ज्यूरीतून मोकळं करा," मी म्हणालो. माझा आवाज छापखान्यातला. त्या शांत कोर्टात तो घंटेसारखा घुमला, हे लोकांच्या दचकण्यावरून कळलं.

"पुन्हा पत्रिका?"

"नाही साहेब. मला नीट ऐकू येत नाही."

बाकांवर कुजबुज झाली असावी. डोकी एकमेकांकडे वळलेली दिसली. साहेबांनी चष्मा काढला. हातातला कागद तोंडासमोर धरला. क्षणभरानं तो खाली केला आणि विचारलं, "आता मी काय म्हणालो?"

"तुम्ही काही बोललात, हेसुद्धा मला कळलं नाही."

"काल मी विचारलं होतं, काही अडचण आहे का. ते ऐकू आलं होतं?"

"आलं होतं. लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही."

सरकारी वकील उठले. "साहेब, यांना सूट हवी आहे. धंद्याचं कारण चाललं नाही, म्हणून आज हे काढलंय. हा मनुष्य रोज गिऱ्हाइकांशी बोलतो. गावात कोणी यांना बहिरा म्हणत नाही."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं मी जे कमावलं होतं तेच माझ्या आड आलं. साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"दोंदे, काल त्या म्हाताऱ्या बाईंची साक्ष झाली. वकिलांनी विचारलं, कोणी कोणाला मारलं. काय म्हणाली ती?"

"'मारला' एवढं ऐकू आलं साहेब. कोणी आणि कोणाला, ते नाही."

"मग तुम्ही मत काय देणार होतात?"

मी आरोपीकडे बघितलं. हासूरामनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. तो माझ्याकडेच बघत होता.

"दोषी, असं म्हणणार होतो," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. नंतर कुमुदनं सांगितलं, की त्या क्षणी कोर्टात पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. मला अर्थात पंख्याचाही ऐकू येत नव्हता.

साहेबांनी दोन्ही वकिलांना जवळ बोलावलं. बोलणं झालं. सरकारी वकील हात उडवून काहीतरी म्हणत होते. साहेबांचं उत्तर मला दिसलं, कारण ते आमच्याकडे तोंड करून बोलले. "एक दिवस वाया गेला तुमचा. या आरोपीची वर्षं गेली असती."

मग ते मला म्हणाले, मुद्दाम आवाज चढवून, "दोंदे, तुम्हाला मोकळं केलं आहे. तुमच्या जागी दुसरा ज्यूरर घेऊ आणि खटला पहिल्यापासून चालवू. काल सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आज सांगितलंत, तेही कमी नाही. जा."

मी पायरी उतरलो. सुटका मिळाली होती, छापखान्यात पत्रिका पडल्या होत्या, अंबाजी वाट बघत असणार. पण माझा पाय निघेना. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर, भिंतीला लागून लोकांसाठी एक बाक होता. तिथून साक्षीदाराचं तोंड सरळ दिसे. मी जाऊन त्यावर बसलो.

चिठ्ठी काढून नवा ज्यूरर घेतला गेला. मुकादमाची साक्ष पुन्हा झाली. मग पोशीबायला बोलावलं. ती तणतणतच आली.

"काल सांगितला ना सगळा!" ती पट्टेवाल्याला म्हणाली. आज भीती मोडली होती. "रोज रोज तोच सांगायचा काय?"

"आज्जी, आज पुन्हा सांगा," साहेब म्हणाले. "आणि इकडे नको, त्या मंडळींकडे तोंड करून, मोठ्यानं सांगा."

वकिलांनी तोच प्रश्न विचारला. आधी काय झालं? कोणी कोणाला मारलं?

तिचं तोंड मला आरशासारखं दिसत होतं. दात पडलेले, ओठ सुरकुतलेले, पण शब्द स्वच्छ.

"मुकादमानी त्याला मारला. काठीनी मारला. तो पडला, तरी मारला. मंग यानी फावडा उचलला. मी माझ्या डोल्यांनी बगितला."

त्याला मारला.

मी बाकाची कड घट्ट धरली. रात्रभर मी तिच्या तोंडी एक अक्षर घालून झोपलो होतो. त्या अक्षरावर माझी खात्री इतकी बसली होती, की कुमुद बोलली नसती तर मी शपथेवर सांगितलं असतं, म्हातारी म्हणाली, त्यानं मारलं. आणि मला ते खोटं वाटलंही नसतं. बहिरेपणाचं हे मला तोवर कळलं नव्हतं. मला वाटे, आपल्याला कमी ऐकू येतं, एवढंच. आपण न ऐकलेलंही ऐकतो, हे त्या दिवशी समजलं.

मी कुमुदकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला साहेबांच्या बंदीमुळे मी काही सांगितलं नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं असावं.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. छापखाना अंबाजीवर सोपवून आम्ही दोघं पुन्हा गेलो होतो. ज्यूरीनं बहुमतानं सांगितलं, निर्दोष. मत देताना शहाशेठ कोणत्या बाजूला होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण पुढे आयुष्यभर त्यांच्या घरच्या पत्रिका माझ्याकडेच छापल्या गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. गावानं मला नावं ठेवली नाहीत, असं नाही. आठवडाभर काही टवाळ पोरं दुकानासमोरून नुसते ओठ हलवत गेली. तिसऱ्या दिवशी मीही त्यांना ओठ हलवून एक अस्सल शिवी दिली, ती त्यांना बरोबर कळली. नाना टिपणीस मात्र ओशाळले होते. दोन दिवस आलेच नाहीत. मग आले ते माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले, आणि त्यानंतर कायम तिथेच बसले. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. उलट नावं चुकू नयेत म्हणून लोक मजकूर स्वतः स्वच्छ लिहून आणायला लागले, आणि माझं काम सोपं झालं. दोन वर्षांनी मुंबईहून कानाचं यंत्र आणलं. ते लावून घरी बसलो, तेव्हा कळलं की कुमुद स्वयंपाक करताना गुणगुणते. इतकी वर्षं ती गुणगुणत होती. गळा बरा नव्हता, पण मी ते यंत्र काढून ठेवलं नाही.

पण खरी माझी सुटका झाली ती या कशानंही नाही, आणि साहेबांच्या हुकुमानंही नाही. ती झाली निकालानंतर कोर्टाच्या आवारात.

हासूराम बाहेर आला तेव्हा त्याच्या गावची माणसं त्याच्याभोवती जमली होती. त्याची बायको पदर तोंडाला लावून रडत होती. तो माझ्यासमोर येऊन थांबला. त्यानं हात जोडले. मी त्याचे हात धरून खाली केले. तळहात विटेसारखे खरखरीत होते. तो गेला.

आम्ही फाटकाकडे निघालो, तर वडाच्या पारावर पोशीबाय बसलेली. पायातला काटा काढत होती. आम्हाला बघून तिनं मान वर केली आणि काहीतरी बोलली. बारीक आवाजात, खाली बघत. मला एक अक्षर कळलं नाही.

अशा वेळी मी काय करत आलो होतो, ते ठरलेलं होतं. मान हलवायची, हसायचं, पुढे जायचं. कुमुद शेजारी होती, तिला विचारताही आलं असतं. पण मी थांबलो. तिच्यासमोर खाली उकिडवा बसलो.

"आज्जी," मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला."

किती सोपं होतं ते वाक्य. इतकी वर्षं ते घशात अडकवून फिरत होतो, आणि बाहेर पडलं तर त्याचं वजन चिमटीएवढं.

म्हातारीनं माझ्याकडे नीट बघितलं. मग तिनं छातीत वारा भरून घेतला. मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेली बाई ती. कोर्टात दबलेला तिचा तो खरा आवाज अख्ख्या आवारावर फुटला. वकील वळले, पोलीस वळले, वडावरचे कावळे उडाले.

"मी बोल्ली," ती ओरडली, "तुज्या कानापायी मना साक्षीला दोन येला यायला लागला! आता घरा जा नि बायकोला सांग, च्या कर म्हनून! मी पन येते!"

तो मला शब्दन् शब्द ऐकू आला. कुमुद हसत हसत तिला हात देऊन उठवत होती, आणि आम्ही तिघं चहा प्यायला घरी गेलो.